सहावं दार

मेजरकाका, दार अजून ऑफिसातच आहे. तुमच्या खुर्चीमागच्या भिंतीला टेकवलेलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. तुम्ही जाऊन तीन आठवडे झाले. तुमचा चहाचा मग केइकोकाकू घरी घेऊन गेल्या, मफलर नेला, टेबलावरचा तो पितळी रणगाडाही नेला. दाराला मात्र कोणी हात लावत नाही. खिडकी उघडायला जाताना दरवेळी माझा खांदा त्याला लागतो, आणि दरवेळी मी मनातल्या मनात तुमच्यावर चिडते.

तुमच्या शोकसभेला टोकियोतली बरीच मराठी मंडळी आली होती. तुम्ही फौज सोडून योकोहामाला कसे आलात, जपानी मुलीशी लग्न करून सातारच्या आईला कसं मनवलंत, हे सगळं पुन्हा सांगून झालं. लोक हसले, रडले, आणि गाड्यांच्या वेळा बघून निघून गेले. मी बोलले नाही. मला तुमच्याबद्दल बोलायचं नव्हतं, तुमच्याशी भांडायचं होतं. आपलं भांडण अर्धवट टाकून तुम्ही गेलात, आणि ही तुमची सवयच होती. हरायला लागलात की म्हणायचात, "चहा टाक, मग बोलू."

तुमची माझी गाठ पडली तेव्हा मी टोकियोत, ओजिमातल्या आठव्या मजल्यावर बसून कचरा वेगळा करत होते. माझा नवरा निखिल सकाळी कावासाकीला कामाला जायचा तो रात्री जेवायलाच उगवायचा. पुण्यात जपानीच्या तीन परीक्षा दिल्या होत्या, आणि त्या जपानीचा उपयोग काय, तर लोणच्याची बरणी कुठल्या वारी खाली न्यायची ते वाचणं. गणपतीच्या कार्यक्रमात मी वडे तळत होते, तेव्हा तुम्ही कढईशी येऊन विचारलंत, "तुला जपानी येतं म्हणे. मग इथे काय करतेस?" मी म्हटलं, "वडे तळतेय." तुम्ही एक वडा उचललात, खाल्लात आणि म्हणालात, "हे तुझं काम नव्हे. सोमवारी योकोहामाला ये."

तो वडा वाईट नव्हता, काका. पण त्या एका वाक्यानं माझा जन्म बदलला, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगतेय.

बाकुरो-योकोयामाला गाडी बदलून मी तुमच्या ऑफिसात यायला लागले. बंदराच्या मागच्या गल्लीत दुसरा मजला, तीन टेबलं, आणि जपानी लोक तुम्हाला 'मेजर-सान' म्हणायचे. काकू फोनवर तुम्हाला 'अहो' म्हणायच्या. सासूबाईंनी शिकवलेलं ते त्यांनी आयुष्यभर पाळलं, आणि जपानीत त्याचा अर्थ मूर्ख होतो म्हणून शेजारीपाजारी तोंड लपवून हसायचे. "अर्थ दोन्ही भाषांत एकच आहे," असं तुम्हीच म्हणायचात.

आपण छोट्या छोट्या देशांना ट्रक पाठवायचो. त्या वर्षी मोठं काम आलं. एका डोंगराळ देशाच्या फौजेला नव्या गाड्या आणि सामान हवं होतं. त्या देशाचं नाव तुम्ही ऑफिसबाहेर कधी घेतलं नाहीत, मीही घेत नाही. ती फौज एवढीशी, की "आमच्या सातारच्या कॉलेजात याहून जास्त पोरं होती," असं तुम्ही म्हणायचात. तिला ट्रक हवे होते, पाण्याचे टँकर, जनरेटर, तंबू, अँब्युलन्स. इथल्या कायद्यात शस्त्र बसत नव्हतं आणि तुमच्या मनातही नव्हतं. तरी पुण्याहून आई फोनवर म्हणाली, "अगं, म्हणजे तू बंदुका विकतेस?" मी म्हटलं, "आई, मी पाण्याचे टँकर विकते." तिनं बाबांना ते सांगितलंच नाही. माझे बाबा शाळामास्तर, अंगावर खादी; आमच्या घरात दिवाळीला टिकल्यांचं पिस्तूलसुद्धा येत नसे.

तेच बाबा माझ्या तोंडून तुमच्याशी भांडले. मी विचारलं होतं, "काका, या ट्रकमधून शिपाई कुणावर जाणार?"

तुम्ही पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवलात. "पुरात झाडावर दोन दिवस बसलेल्या माणसाला विचार, फौजेचा ट्रक दिसला की त्याला काय वाटतं ते!"

"आणि मोर्चात उभ्या असलेल्या माणसाला विचारलं तर?"

मग नेहमीचंच, "चहा टाक." पण चहा पिताना हळूच म्हणालात, "याचं उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून तर अँब्युलन्स वाढवल्यात." त्यांचे कर्नल आले होते तेव्हा यादीत दोनच अँब्युलन्स होत्या. तुम्ही तीन दिवस त्यांच्या मागे लागून साहेबलोकांच्या जीप यादीतून कापायला लावल्यात आणि दोनाच्या सहा केल्यात. कर्नल तसे मितभाषी, कोम्बिनीतला, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातला, भाताचा गोळा प्लास्टिकसकट दाबून त्याचा चुरा करणारे. जाताना ते मला म्हणाले होते, "तुमच्या मेजरना नाही म्हणणं अवघड आहे." मी म्हटलं, "मला रोज म्हणावं लागतं."

त्या सहा गाड्या तुमच्या होत्या. बाकीचा सगळा व्यवहार, त्या मात्र तुमच्या.

तिकडे वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. म्हणून स्टिअरिंग डावीकडे हवं, हे आपण कारखान्याला इतक्यांदा बजावलं की तिथला माणूस फोनवर माझा आवाज ऐकला की आधीच "डावीकडे, डावीकडे" म्हणायचा. गाड्यांचा सांगाडा कारखान्यातून आला आणि मागची पेटी कावासाकीच्या इशिदा-सानांनी आपल्या वर्कशॉपमध्ये बांधली. स्ट्रेचर, दिवे, ऑक्सिजनच्या नळकांड्यांचे पट्टे, सगळं तुम्ही स्वतः गुडघ्यावर बसून तपासलंत. स्ट्रेचरवर मला झोपवून चार वेळा आतबाहेर केलंत. "पेशंट गप्प असतो, तू बोलतेस," अशी तक्रारही केलीत.

गाड्या बंदरावर जायच्या त्या आठवड्यातच खंडेनवमी आली. तुम्ही म्हणालात, पूजा केल्याशिवाय एक चाक हलणार नाही. फौजेत असताना दरवर्षी वर्कशॉपमध्ये पाना-हातोड्यापासून रणगाड्यापर्यंत सगळ्यांची पूजा व्हायची, तशीच इथे. मी हळदकुंकू, लिंबं आणि नारळ घेऊन कावासाकीला आले आणि अडून बसले. "मी फौजेच्या ट्रकला कुंकू लावणार नाही."

"खंडेनवमीला पाटा-वरवंट्यालाही लावतात, सुमेधाबाई. ट्रकनं काय घोडं मारलंय?"

"ट्रकला तुम्ही लावा. मी अँब्युलन्सला लावते."

वाटणी झाली. झेंडू मिळाला नव्हता म्हणून मी शेवंतीचे हार केले होते, पांढरे नि पिवळे. ते पाहून इशिदा-सानांचा चेहराच उतरला. इथे ही फुलं मयताला वाहतात, हे मला माहीत होतं आणि त्या धांदलीत मी विसरले होते. ते आत गेले, देवळातून आणलेले अपघात टाळायचे ताईत घेऊन आले आणि प्रत्येक गाडीत आरशाला एकेक बांधला. तुम्ही हसून म्हणालात, "फूल ते फूल. दोन्हीकडचे देव बसले, आता काय बिघडतंय!" मी सहाही गाड्यांच्या बाजूच्या दाराशी उभी राहिले, दारावर हळदकुंकवाची बोटं टेकवली, मुठीला हार बांधला. नर्सनं चढाय-उतरायचं ते दार. तुम्ही शेजारी उभे होतात. इशिदा-सान हात जोडून उभे होते. कुणालाच काही दिसलं नाही.

दोन महिन्यांनी तिकडून फोटो आला. राजधानीतला मोठा रस्ता, आपल्या गाड्या ओळीनं, एका अँब्युलन्समधून नर्स उतरतेय, लोक टाळ्या वाजवताहेत. मी तो भिंतीवर लावला, ऑफिसात केक आणला. तुम्ही केकची बशी हातात धरून फोटोजवळ गेलात आणि तिथेच थांबलात. बशी तशीच.

"सुमेधा, नर्स कुठे उतरतेय?"

"गाडीतून."

"कुठे उतरतेय?"

मला तरीही कळेना. मग तुम्ही दोन खुर्च्या मांडल्यात, मला एकीवर बसवलंत. "तू अँब्युलन्समध्ये आहेस. गाडी रस्त्याच्या उजव्या कडेला उभी आहे. दार डावीकडे. उतर." मी उतरले, आणि ऑफिसच्या मधोमध, म्हणजे रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. तुम्ही समोरून येणारा ट्रक झालात आणि माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबलात. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. तुमच्या डोळ्यांत मी ते तेव्हाच पाहिलं.

चूक अशी होती की आपणच ती करू शकलो असतो, दुसरं कुणी नाही. भारतात गाडी डावीकडून चालते, जपानमध्येही डावीकडून. बसमधून आपण डावीकडे उतरतो, रिक्षातून डावीकडे, टॅक्सीतून डावीकडे. इशिदा-सानांच्या नकाशात दार डावीकडेच होतं, तुम्हाला मला ते बरोबर दिसलं, कारण जन्मभर दार तिथेच असतं. स्टिअरिंग हलवलं आणि आपल्याला वाटलं सगळं हलवलं. गाडी ताब्यात घ्यायला आलेले त्यांचे लोक दिवे आणि सायरन बघण्यात गुंग होते. सही करून गेले.

मी तेच म्हटलं. "काका, गाड्या बघून, तपासून त्यांनी सही केलीय."

तुम्ही म्हणालात, "सही त्यांची, नजर माझी."



दुसऱ्या दिवशी सकाळी इशिदा-सान काळा सूट घालून आले. तुमच्यासमोर कमरेत वाकले. तुम्हीही वाकलात. दोघे तसेच, आधी कोणी सरळ व्हायचं ते कुणाला कळेना. शेवटी मीच खुर्च्या सरकवल्या. त्यांनी आदल्या दिवशीच नवीन दारांचं काम सुरू केलं होतं. उजवीकडची भिंत कापायची, तिथे दार बसवायचं, डावीकडचं बंद करायचं. काम तिथे जाऊनही होण्यासारखं होतं. प्रश्न एवढाच, की जाणार कोण.

आणि इथून आपलं भांडण सुरू झालं, ते अजून चालू आहे.

तुमच्या हृदयात दोन ठिकाणी स्प्रिंगा घातल्या होत्या. डॉक्टरांनी उंचावर जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, इशिदा-सानांचा वेल्डर जाईल, तुम्ही फोनवर सांगा. तुम्ही नाही म्हणालात. मी म्हटलं, निदान थंडी सरू दे. तुम्ही म्हणालात, "थंडीतच तर माणसं जास्त आजारी पडतात. म्हणजे दार जास्त उघडणार." मी निखिलला मध्ये घातलं, तुम्ही त्याच्याशी क्रिकेटवर बोललात. मी काकूंकडे गेले. त्या तुमचे लोकरी बनियन घडी करून बॅगेत भरत होत्या. मला म्हणाल्या, "सुमेधा-चान, मी थांबवलं तर ते इथे बसतील. पण इथे बसून काय बघतील? तो फोटो." म्हणून मी त्यांच्यावरही रागावले.

शेवटी मी वाट्टेल ते बोलले. "काका, तुम्हाला दार बसवायचं नाहीये. तुम्हाला परत फौजेत जायचंय. म्हातारपणी एकदा तो सलाम हवाय."

मला वाटलं तुम्ही चिडाल. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत म्हणालात, "असेलही. पण दार तर बसेल ना?"

गेलात. सहावी गाडी घाटापलीकडच्या चौकीवर होती आणि घाट बर्फानं बंद झाला होता, म्हणून पाचच दारं नेलीत. सहावं वसंतात न्यायचं ठरलं. ते इशिदा-सानांकडे राहिलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही, "डोळ्यांसमोर राहू दे," म्हणून इथे आणून ठेवायला लावलंत.

परत आलात तेव्हा गाल बसले होते, खोकला छातीत मुरला होता, आणि तरी तुम्ही शीळ घालत जिना चढत होतात. माझ्यासाठी अक्रोडांची पिशवी आणली होतीत. तिथली पोरं कशी भराभर शिकली, चौथ्या नि पाचव्या गाडीचं दार त्यांनीच कसं बसवलं, हे हात हलवून हलवून सांगितलंत. नवा फोटो दाखवलात. नर्स उजवीकडे उतरतेय, पायाखाली रस्त्याच्या कडेची खडी. "बघ," म्हणालात, "खडीवर उतरतेय." रस्त्याकडेची खडी बघून एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पंधरवड्यानं तुम्हाला हॉस्पिटलात ठेवलं. मी भेटायला आले तेव्हा तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. मी जनरेटरच्या सुट्या भागांबद्दल, बंदरावरच्या उशिराबद्दल, काहीबाही बोलत राहिले. तुम्ही एक हात वर करून बोटं पसरलीत, पाच. मग दुसऱ्या हाताचं एक बोट. मी म्हटलं, "हो काका, सहावं आहे ऑफिसात." तुम्ही मान हलवलीत. खरं तर तुम्हाला माझ्याकडून दुसरंच काही ऐकायचं होतं. तुम्ही गेलात ते बरोबर केलंत, एवढंच. ते मला म्हणता आलं नाही, कारण मला ते वाटत नव्हतं. आजही वाटत नाही. पाच दारं बसली आणि तुम्ही गेलात. मला पाचही दारं डावीकडे राहिलेली चालली असती, तुम्ही इथे हवे होतात. हे चांगल्या माणसाचं बोलणं नाही, माहीत आहे. बाबा ऐकतील तर त्यांनाही आवडणार नाही.

आपल्याकडे मी स्मशानात गेले नसते. इथे काकूंनी माझ्या हातात लांब काड्या दिल्या आणि दोघींनी मिळून एकेक अस्थी उचलून कलशात ठेवली. आजूबाजूला शेवंतीच शेवंती होती, पांढरी आणि पिवळी. इशिदा-सान कोपऱ्यात उभे होते. आमची नजरानजर झाली आणि दोघांनीही खाली पाहिलं.

परवा कर्नलांचा फोन आला. मी त्यांना पत्रानं कळवलं होतं. ते पहिल्यासारखेच कमी बोलले. आपल्या फौजेच्या वतीनं दुःख व्यक्त केलं, मग म्हणाले, एक विचारायचं होतं. तुम्ही तिथे असताना म्हणे त्यांच्याकडून घाटापलीकडच्या चौकीला वायरलेसवर हुकूम द्यायला लावला होतात. सहाव्या गाडीचं बाजूचं दार कोणीही उघडायचं नाही. मेजर येऊन ते बदलतील, तोपर्यंत सगळ्यांनी मागच्या दारानं चढाय-उतरायचं. चौकीतल्या पोरांनी त्या दारावर आडवी फळी ठोकली आहे. नर्स स्ट्रेचरवरून ओणवी होऊन मागून उतरते, कुरकुरते, पण कोणी फळी काढत नाही.

"चौकीला मी अजून काही कळवलेलं नाही," कर्नल म्हणाले. "हुकमात मेजरचं नाव आहे. बदलू का?"

फोन हातात धरून मी तुमच्या खुर्चीकडे बघत राहिले. त्यामागे दार. मी म्हटलं, "नको. राहू द्या तसाच."

काका, घाट उघडला की इशिदा-सान आणि मी निघतोय. निखिल म्हणाला, "आता तूही?" मी म्हटलं, "माझं हृदय ठणठणीत आहे." नारळ इथूनच नेईन. या खेपेला झेंडू शोधेन, नाही मिळाला तर हारच घालणार नाही. फौजेच्या गाडीला कुंकू लावायचं की नाही, हे भांडण मी तिथे उभी राहून एकटीच पुरं करीन, आणि तुम्ही नसल्यामुळे बहुधा जिंकेनही. दार उजवीकडे बसेल, फळी निघेल, नर्स खडीवर उतरेल. मग कर्नल तो हुकूम मागे घेतील, आणि चौकीवरच्या पोरांना तुम्ही गेल्याचं सांगावं लागेल.

म्हणून मला घाई नाही. रोज सकाळी ऑफिसात आले की तिकडचं हवामान बघते. काल पुन्हा बर्फ पडलं, घाट बंद आहे. मला बरं वाटलं, हे कुणाला सांगण्यासारखं नाही, तुम्हाला सांगतेय. इथे तुमच्या अस्थी आहेत, फोटो आहे, रिकामी खुर्ची आहे. तिथे तुम्ही अजून यायचे आहात.